शयित स्त्री (आधुनिक भारतीय चित्रविषय)

शयित स्त्री : शय्येवर, खाटेवर वा आसनावर पहुडलेल्या, बहुधा घराच्या आतल्या भागात दाखविलेल्या स्त्रीचे चित्रण हा पौर्वात्य आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही चित्रपरंपरांमधील एक जुना विषय होय. आधुनिक भारतीय चित्रकलेत त्याचे सर्वांत विचारप्रवर्तक रूप अमृता शेरगिल (१९१३–४१) यांच्या ‘वुमन रेस्टिंग ऑन चारपाई’ (१९४०) या तैलचित्रात आढळते. या विषयाच्या भारतीय इतिहासाचा आरंभीचा धागा अजिंठ्याला पोचतो, मधला मुंबईतून जातो आणि त्याचे एक विपरीत वळण सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे जन्मलेले मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांच्या स्त्री-प्रतिमांपाशी येते. प्रस्तुत नोंदीत त्यामुळे महाराष्ट्राशी निगडित बाजूचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

पहुडलेली स्त्री कोणतीच क्रिया करीत नसते, हीच अर्थनिर्णयातील मुख्य अडचण होय. दळणारी, पाणी भरणारी, नाचणारी स्त्री काय करीत आहे, हे चित्रच सांगते. आडवी झालेली स्त्री मात्र झोपलेली असेल, थकलेली असेल, आजारी वा बाळंतीण असेल, विरहिणी असेल, कैकेयीप्रमाणे कोपगृहात रुसून पडलेली असेल किंवा मरणोन्मुखही असेल. देहाची ठेवण या सर्व अवस्थांत थोड्याफार फरकाने सारखीच राहते. म्हणून अशा चित्राचा अर्थ लावताना दोन गोष्टी निर्णायक ठरतात : एक, चित्राला दिलेले नाव, आणि ते कोणी दिले, दुसरी, त्या खोलीत तिच्याखेरीज आणखी कोण जागे आहे. पहिल्या गोष्टीकडे समीक्षकांचे लक्ष अधूनमधून गेले आहे. दुसरीकडे फारच थोडे.

यूरोपीय चित्रकलेत हा विषय प्रबोधनकाळापासून नग्नाकृतीशी जोडला गेला. तिशनच्या ‘व्हीनस ऑफ अर्बीनो’ (१५३८) या चित्रातील स्त्री सरळ प्रेक्षकाकडे पाहते आणि मागे दोन दासी पेटीतील वस्त्रे काढण्यात गुंतलेल्या दिसतात. एद्वार माने याने १८६३ मध्ये रंगविलेल्या ‘ऑलिंपिया’त ही मांडणी बुद्ध्याच उचलली. देवतेच्या जागी त्याने पॅरिसमधील गणिका आणली आणि दासीच्या हाती पुष्पगुच्छ दिला. १८६५ साली हे चित्र प्रदर्शित होताच मोठा गदारोळ झाला, तो नग्नतेमुळे नव्हे. व्हीनस हे नाव काढून घेतल्यामुळे, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. पॉल गोगँच्या ‘मनाओ तुपापाऊ’ (१८९२) या चित्रातील ताहितीयन मुलगी पालथी झोपलेली असून तिच्यामागे एक भूताकृती बसलेली आहे. या तिन्ही चित्रांत एक दुसरी व्यक्ती आहे. पण पहुडलेल्या स्त्रीचे नाते जुळते ते मुख्यतः चित्राबाहेरच्या प्रेक्षकाशी.

भारतात हा विषय निराळ्या अंगाने आला. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरविले. तेथील एका भित्तिचित्रात एक राजस्त्री मंचकावर उशीच्या आधाराने कलंडली असून मागून एका दासीने तिला सावरून धरले आहे. दुसरी पंख्याने वारा घालीत आहे आणि दाराशी एक वृद्ध उभा आहे. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, हाताची बोटे सैल पडलेली. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करविल्या, तेव्हा या चित्रातील भावदर्शनाची त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. एकोणिसाव्या शतकातील या अभ्यासकांच्या लेखनातून ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे नाव रूढ झाले. पुढे बौद्ध कथांच्या आधारे ती राजकन्या म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी असल्याचे मानले जाऊ लागले. नंदाने मनाविरुद्ध प्रव्रज्या घेतली आणि त्याचा मुकुट सेवकाने परत आणला. तो पाहून ती मूर्च्छित झाली, अशी ही कथा. या अर्थानुसार ती मरत नसून तिचा संसार मोडला आहे. भिंतीवरची एकही रेषा न बदलता चित्राचा आशय मात्र पालटला. जुने नाव अजूनही वापरात आहे, हा रूढ नावाच्या चिवटपणाचाच नमुना म्हणावा लागेल.

पहाडी लघुचित्रांत हाच प्रसंग शृंगाराच्या चौकटीत येतो. भानुदत्ताच्या रसमंजरीवर आधारलेल्या, सतराव्या शतकातील बसोहली चित्रमालिकांमध्ये नायिका महालाच्या कक्षात शय्येवर असते आणि शेजारी सखी तिची समजूत घालते, निरोप आणते किंवा नुसती ऐकत बसते. पिवळ्या-तांबड्या रंगांची सपाट, तापलेली क्षेत्रे आणि खोलीचा उभा छेद दाखविणारी मांडणी ही या शैलीची वैशिष्ट्ये होत. येथे नायिकेची नजर प्रेक्षकाकडे नसते. ती अनुपस्थित नायकाची वाट पाहत असते. सखी हा तिच्या अवस्थेचा दुवा : तिच्यामुळेच नायिकेचे दुःख आपल्याला कळते.

अमृता शेरगिल या दोन्ही परंपरांच्या संगमावर उभ्या होत्या. वडील उमरावसिंग हे संस्कृत-फार्सीचे व्यासंगी शीख सरदार, आई हंगेरियन गायिका. जन्म बूडापेस्टचा. १९२९ मध्ये त्या पॅरिसला गेल्या आणि तेथील शासकीय कलाशाळेत ल्यूसियँ सीमाँ यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. धाकटी बहीण इंदिरा हिला समोर झोपवून १९३३ मध्ये त्यांनी रंगविलेले ‘स्लीप’ हे चित्र त्या शिक्षणाचे परिपक्व फळ होय. अंगावर वस्त्र नसलेली तरुणी चित्रचौकटीत तिरपी पसरली असून तिचे मोकळे केस उशाशी विखुरले आहेत. त्वचेचे पोत, मांसल घडण, छायाप्रकाशाचे नियंत्रण असे सारे काही यूरोपीय आहे. मात्र डोळे मिटलेले असल्याने प्रेक्षकाला तिच्याकडून कोणताच प्रतिसाद मिळत नाही. हा नकार पुढील चित्राच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

१९३४ च्या अखेरीस शेरगिल भारतात परतल्या. १९३६ च्या अखेरीस मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. त्या निमित्ताने मुंबईतील कायदेपंडित आणि कलाभ्यासक कार्ल खंडालावाला यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. खंडालावालांच्या संग्रहातील राजस्थानी व पहाडी लघुचित्रे त्यांनी बारकाईने पाहिली आणि बसोहली शैलीने त्या भारावून गेल्या. मुंबईहून त्या अजिंठा-वेरूळला गेल्या. ‘थ्री गर्ल्स’ (१९३५) या चित्राला १९३७ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यांच्यावरील पहिला भरीव ग्रंथही मुंबईतूनच, खंडालावालांच्या लेखणीतून, १९४४ मध्ये निघाला. पॅरिसमध्ये शिकलेल्या या चित्रकर्तीला भारतीय परंपरेकडे पाहण्याची डोळस दृष्टी लाभली, तीत अजिंठ्याच्या भिंतींचा आणि मुंबईतील एका खाजगी संग्रहाचा वाटा फार मोठा आहे. शेरगिल यांच्यावरील लेखनात पंजाब आणि पॅरिस यांनाच सारे श्रेय देण्याची प्रथा पडली आहे, म्हणून ही गोष्ट येथे आवर्जून नमूद करावीशी वाटते.

१९३८ मध्ये मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगन यांच्याशी विवाह झाल्यावर त्या गोरखपूर जिल्ह्यातील सराया येथे, आपल्या घराण्याच्या साखर कारखान्याच्या परिसरात राहू लागल्या. जमीनदारी वळणाचे मोठे कुटुंब, पडद्याआडचे स्त्री-जीवन आणि लांबलचक उन्हाळा या वातावरणात ‘वुमन रेस्टिंग ऑन चारपाई’ हे चित्र तयार झाले. लाल वस्त्रे ल्यालेली एक तरुण स्त्री चारपाईवर उताणी पडली आहे. शेजारी एक वयस्क दासी हाती पंखा घेऊन बसली आहे. खाटेचे खूर लाल रंगात उठून दिसतात आणि पहुडलेल्या देहाला चहूबाजूंनी कुंपण घातल्यासारखे वाटतात. यथार्थदर्शनाचे नियम शिथिल केल्याने खाटेची पातळी प्रेक्षकाकडे काहीशी उचलल्यासारखी भासते. हे वळण पहाडी लघुचित्रांचे. चेहऱ्यांचे तपशील मोजके, आकार सुलभ केलेले, रंग सपाट. ‘स्लीप’मधील मांसल घडणीचा येथे मागमूस नाही. खोलीचे सामानसुमानही जवळजवळ वगळले आहे. देह पूर्ण झाकलेला असूनही चित्रात उष्णतेची व दाबून ठेवलेल्या अस्वस्थतेची प्रखर जाणीव होते, ती मुख्यतः लाल रंगाच्या योजनेमुळे.

या चित्राचे अर्थ सामान्यतः दोन प्रकारे लावले जातात. पहिल्यानुसार लाल वस्त्रे, सैलावलेले अंग आणि ज्वालांसारखे उभे खूर ही दडपलेल्या वासनेची चिन्हे होत. घराच्या चौकटीत कोंडलेल्या तरुण विवाहितेची ती मूक तक्रार आहे. दुसरा अर्थ चरित्राधारित आहे : सरायातील एकाकीपणा व काम थांबल्याची खंत चित्रकर्तीने त्या स्त्रीच्या ठिकाणी पाहिली, असा. पहिला अर्थ चित्रातील पुराव्यावर आधारलेला असल्याने विचारार्ह आहे. दुसरा मात्र सैल वाटतो. शेरगिल यांच्या मनात काय होते, हे त्यांच्या चरित्रावरून फार तर सुचते. रंगविलेल्या स्त्रीचे लग्न, वय किंवा मनःस्थिती त्यावरून ठरत नाही.

दोन्ही अर्थांत पंखा घेतलेली दासी मागे पडते. वास्तविक तिच्यामुळेच हे चित्र आधीच्या सर्व चित्रांहून वेगळे झाले आहे. ऑलिंपियाची दासी प्रियकराची भेट घेऊन आली होती. बसोहलीची सखी नायकाचा निरोप आणते. अजिंठ्याच्या दासी आपत्तीच्या क्षणी धावून आल्या आहेत. सरायाच्या खोलीत कोणाचा निरोप नाही, कोणी येणार नाही, काही घडलेलेही नाही. एक स्त्री पडली आहे आणि दुसरी वारा घालीत आहे. दुपार अशीच जाणार आहे. एकीची विश्रांती हे दुसरीचे काम आहे, आणि दोघींपैकी कोणालाही या खोलीबाहेर जाता येत नाही, हे त्यातून सूचित होते. तरुण स्त्री बंदिस्त आहे हे खरे. पण तिला निदान आडवे होता येते. कोंडमाऱ्याचा अर्थ लावणारे समीक्षक एकाच कैद्याकडे पाहतात, म्हणून तो अर्थ खरा असूनही अपुरा राहतो.

शीर्षकही या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘विरहिणी’, ‘नववधू’, ‘खंडिता’ अशी भावसूचक नावे सहज देता आली असती. त्याऐवजी शेरगिल यांनी केवळ विश्रांतीची क्रिया आणि खाटेचा प्रकार नोंदविला. मराठी वाचकाला चारपाई म्हणजे बाज किंवा बाजले. बाजेशी मराठी घरातील कल्पना जोडल्या आहेत त्या अर्थाच्या दृष्टीने उपयुक्त ठरतात. जुन्या वळणाच्या घरात सुनेने दिवसाढवळ्या बाजेवर आडवे होणे म्हणजे आजारपण किंवा बाळंतपण. एरवी ती चर्चेचीच गोष्ट. सोलापूरसारख्या, वैशाखात अंगाची लाही करणाऱ्या मुलखातही दुपारची विश्रांती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नसे. विडी वळणाऱ्या तेथील हजारो स्त्रियांच्या बाबतीत तर राहती खोली हीच कामाची जागा असते. घराचा आतला भाग म्हणजे विसाव्याचे स्थान, हे गृहीतकच मुळात कोणाच्या घराचे, असा प्रश्न अशा वेळी पडतो. शेरगिल यांच्या चित्रात दासीच्या हातातील पंख्याने तोच प्रश्न विचारला आहे, असे म्हणता येईल.

शेरगिल यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९४७ मध्ये, मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सोझा आणि कृष्णाजी हौळाजी आरा यांनी नग्न स्त्रीदेहाचे चित्रण पुढे नेले. सोझांच्या चित्रांत ते आक्रमक, तर आरांच्या चित्रांत शांत आणि जडशीळ आहे. त्यांच्याच वर्तुळातील अकबर पदमसी यांच्यावर १९५४ मध्ये मुंबईत प्रेमी युगुलाच्या चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झाला. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. चित्रातील स्त्रीदेहाचा अर्थ कोणी लावायचा, हा वाद यापुढे कलादालनाबाहेर गेला.

सोलापूर जिल्ह्याशी या इतिहासाचा संबंध येतो तो येथे. पंढरपूर येथे जन्मलेल्या हुसेन यांची आई जैनब ते सुमारे दीड वर्षांचे असतानाच वारली. तिचे छायाचित्रही त्यांच्यापाशी नव्हते. कुटुंब पुढे इंदूरला गेले. मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून उपजीविका करीत त्यांनी आपली शैली घडविली. १९४८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात पाहिलेली मथुरेची शिल्पे आणि बसोहलीची लघुचित्रे यांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. म्हणजे शेरगिल यांना बारा वर्षांपूर्वी मुंबईत जे गवसले, त्याचाच एक भाग त्यांना दिल्लीत मिळाला. फलित मात्र उलटे झाले. बसोहलीतून शेरगिल यांनी शय्या, खोली आणि सखी घेतली. हुसेन यांनी तापलेला रंग तेवढा घेतला, आणि मथुरेच्या शिल्पांवरून उभी, ताठ, वजनदार स्त्री आणली. ‘बिट्वीन द स्पायडर अँड द लँप’ (१९५६) या गाजलेल्या चित्रातील स्त्रिया उभ्याच आहेत. एकीच्या हातातून कोळी लोंबतो आहे, वरच्या बाजूस न उलगडणारी लिपी आहे. चित्राचे नाव कोळी आणि दिवा यांचे. स्त्रिया कोण, हे हुसेन यांनी सांगितले नाही.

१९८० नंतरच्या मदर तेरेसा चित्रमालिकेत आडवी देहाकृती हुसेन यांच्या कलेत ठळकपणे आली. पण ती स्त्रीच्या मांडीवर विसावलेल्या रुग्णाची वा बालकाची. निळ्या काठाचे पांढरे लुगडे आहे आणि त्यात चेहरा नाही. आईचा चेहरा आठवत नसल्याशी या रिक्त जागेचा संबंध स्वतः हुसेन यांनीच जोडला होता. शेरगिल यांच्या चित्रातील गौण दासी येथे जणू मुख्य स्थानी आली आहे : सेवा करणारी स्त्री केंद्रस्थानी आणि पहुडलेला देह तिच्या आश्रयाला. हा संबंध थेट प्रभावाचा नव्हे. विषयाच्या वाटचालीतील हा बदल तुलनेने लक्षात येतो इतकेच. याच जिल्ह्याचे दुसरे चित्रकार अब्दुलरहीम अप्पाभाई आलमेलकर (१९२०–८२) हे खुद्द सोलापूरचे. लघुचित्रांच्या व लोककलेच्या अलंकरणप्रधान वळणाने त्यांनी आदिवासी व ग्रामीण स्त्रिया रंगविल्या.

अर्थनिर्णयाचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो हुसेन यांच्या एका उत्तरकालीन चित्रावरून. भारताच्या नकाशाच्या आकारात बसविलेली नग्न स्त्री, हिमालयाच्या जागी तिचे मोकळे केस, अशी त्याची रचना आहे. हे चित्र शयित स्त्रीचे नव्हे. तिच्या देहाखाली शय्या नाही, नकाशा आहे. तथापि पाहणाऱ्याने दिलेल्या नावाने चित्राचे काय होते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही. २००४ मध्ये हे चित्र एका संग्राहकाला विकले गेले होते. २००६ च्या आरंभी काश्मीरमधील भूकंपग्रस्तांसाठी योजलेल्या लिलावाच्या जाहिरातीत ते ‘भारतमाता’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि प्रक्षोभ उसळला. हुसेन यांनी क्षमा मागितली व चित्र लिलावातून मागे घेतले गेले. तरीही देशात ठिकठिकाणी फौजदारी तक्रारी दाखल झाल्या. त्यांत त्यांच्या जन्मगावी, पंढरपूरला, दाखल झालेली तक्रारही होती. श्रद्धाळू मनाला झालेली वेदना खोटी होती असे नव्हे. मातृभूमीला देवता मानणाऱ्या समाजात त्या नावाखाली नग्नाकृती पाहणे अनेकांना असह्य झाले. मात्र हे शीर्षक आपण दिलेले नाही आणि लिलावाशी आपला संबंध नव्हता, असे हुसेन यांचे न्यायालयातील म्हणणे होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ही प्रकरणे दिल्लीस वर्ग झाली. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी ती रद्दबातल ठरविली. त्या निकालपत्रात न्यायमूर्तींनी कायद्याच्या कलमांबरोबर चित्राचाही अर्थ लावला आहे : त्या स्त्रीच्या देहात त्यांना व्याकुळता दिसली, कामुकता दिसली नाही. एखाद्या आधुनिक चित्रातील स्त्रीदेहाचे असे विवेचन भारतीय न्यायालयाच्या निकालपत्रात येणे ही कलेतिहासाच्या दृष्टीनेही नोंद घेण्याजोगी गोष्ट होय. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हुसेन मात्र २००६ मध्येच देश सोडून गेले होते. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दफनही इंग्लंडमध्येच झाले.

शेरगिल यांची चित्रे १९७६ मध्ये राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाली असून ‘स्लीप’ आणि ‘वुमन रेस्टिंग ऑन चारपाई’ ही दोन्ही चित्रे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील राजस्त्रीचे रंग बरेच फिकट झाले आहेत. तेथे मंद प्रकाशात डोळे सरावल्यावर आधी मंचकावरची आकृती ओळखू येते. पंखा धरलेला हात शोधावा लागतो.